एस्तेरबाईंचे रुमाल

आमच्या मंडळीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत ख्रिस्तवासी एस्तेरबाई साळवे यांच्यावर एक परिच्छेद आहे. गुळगुळीत पान, वर त्यांचा फोटो, फोटोत बाई हसल्यासारख्या दिसतात. बाई शांत स्वभावाच्या होत्या, मितभाषी होत्या, मंडळीच्या पंचांविषयी त्यांना फार आदर होता, आणि त्यांच्या दफनविधीला एकाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं, कारण पुनरुत्थानाच्या आशेत आनंद करायला बाईंनीच सर्वांना शिकवलं होतं, असं त्यात म्हटलं आहे.

तो परिच्छेद मी लिहिला. त्यात खरं असं फक्त बाईंचं नाव आहे. फोटोतसुद्धा त्या हसत नाहीत. फोटोग्राफरला लागेल असं काहीतरी बोलून त्यांनी नुकतंच तोंड मिटलेलं आहे.

मी आता म्हातारा झालो. हे वाचून ज्यांना राग येईल ती बहुतेक माणसं स्वतःच नंतरच्या स्मरणिकेत जाऊन बसली आहेत. तेव्हा आता लिहितो.

तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी लागली म्हणून मी आणि विमल, माझी बायको, नगरकडून पनवेलला आलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उरण नाक्याच्या मागे बैठ्या घरांची एक रांग होती. तिच्यात शेवटचं घर एस्तेरबाईंचं आणि त्याच्या अलीकडचं आमचं. मध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीतून शिवणयंत्राचा आवाज. बाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, तोंडात कायम दोन टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवूनच त्या बोलायच्या, आणि काढल्या तरी बोलणं तितकंच टोचायचं.

सामान लावत असताना दारात येऊन त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही आपल्यातलेच का?"

मी म्हटलं, "हो, सलाम बाई. नगरच्या मंडळीतले."

"अक्षर कसंय?"

"बरं आहे."

"मग मेलात. रविवारी तुम्हाला सेक्रेटरी करतील. आम्हाला दर वर्षी एक गरीब गाय लागते."

तसंच झालं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'सेक्रेटरी' झालो. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

आमची मंडळी लहान. तलावाजवळ पत्र्याचं एक सभागृह, तेच आमचं देऊळ. स्वतंत्र पाळक परवडत नव्हता. मुंबईहून एक पाळक एकाआड एक रविवारी यायचे आणि जेवून जायचे. बाकी सगळा कारभार पंचांकडे, आणि पंच म्हणजे दाविद उमाप. जकात नाक्यावरून निवृत्त झालेले. उंच, गोरे, सफारी सूट, खर्जातला आवाज. कोणी मेलं की उमाप सर्वांत आधी पोचायचे. मेलेल्या माणसाला ते अशा थाटात स्वर्गात सोडायचे, की वाटावं तिथेही एक नाका आहे आणि पावती हेच फाडतात.

उमापांचा एक नियम होता. ख्रिस्ती माणसाने मयतीला रडायचं नाही. बायबलात पौलाने कुठल्याशा मंडळीला लिहिलं होतं, की आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नका. उमापांनी त्यातले मधले शब्द गाळले आणि 'शोक करू नका' एवढंच ठेवलं. घरात प्रेत असताना ते दारात उभे राहून बायकांना सांगायचे, "हुंदका नको. शेजारी हिंदू लोक बघतायत. त्यांना आपली साक्ष गेली पाहिजे." मातीनंतरच्या रविवारी घरच्या माणसाने भर उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची. देवाने आमच्या माणसाला नेलं, त्याबद्दल आभार मानायचे. माणसं उभी राहायची, ओठ चावायची, आभार मानायची आणि खाली बसायची. सगळे म्हणायचे, "काय विश्वास आहे!" मीही म्हणायचो. त्या साक्षींचा सारांश टाचणवहीत लिहायचं काम माझं होतं. ते मी सुंदर अक्षरात करत असे.

एस्तेरबाईंना या सगळ्याचा तिटकारा होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

शवपेटीचं आतलं काम त्यांच्याकडे असायचं. सुतार पेटी करून द्यायचा. तिला आतून पांढरं कापड लावायचं, कापसाची गादी, उशी आणि कडेने झालर करायची, हे बाई करायच्या. यंत्राचा आवाज एका विशिष्ट लयीत, न थांबता यायला लागला, की विमल म्हणायची, "कोण गेलं हो?" आणि उरलेल्या कापडाचे बाई रुमाल करायच्या. चारी बाजूंनी बारीक दुमड घालून, इस्त्री करून, घडी घालून. माती झाल्यावर त्या घरात जायच्या आणि प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवायच्या. "रडायला," एवढंच म्हणायच्या.

लोकांना ते आवडायचं नाही. पेटीच्या कापडाचा रुमाल! कोणी दाराआड टाकायचं, कोणी चुलीत घालायचं. एकदा मंडळीच्या खजिनदारीणबाई म्हणाल्या, "बाई, अशुभ वाटतं हो ते."

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "अशुभ? बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यात बुडवून काढलं ना तुम्हाला? पुरेसं बुडवलेलं दिसत नाही."

सरलाचं मूल गेलं तेव्हा मी बाईंना प्रथम नीट पाहिलं. सरला आमच्या मंडळीतली तरुण मुलगी, नवरा एसटीत कंडक्टर. चार वर्षांचा मुलगा काविळीने गेला. मी सेक्रेटरी म्हणून गेलो, तर उमाप आधीच खुर्चीत. सरला भिंतीला टेकून बसलेली, तोंडात पदराचा बोळा.

उमाप म्हणत होते, "बाळ सरला, देवाच्या बागेत एका कळीची उणीव होती. त्याने ती खुडली. आनंद कर."

एस्तेरबाई पेटीचं माप घ्यायला आल्या होत्या. टेप हातात तसाच. त्या म्हणाल्या, "उमाप, तुमच्या देवाला स्वतःची बाग लावता येत नाही का? लोकांच्या दारातली फुलं तोडत हिंडतो तो? आमच्या शाळेत अशा पोराला मी अंगठे धरायला लावलं असतं."

"बाई! देवाची निंदा करताय."

"देवाची नाही. तुम्ही जो उभा केलाय त्याची. माझा देव मित्राच्या कबरेपुढे उभा राहून रडला. मित्राला पाच मिनिटांत उठवणार होता, ते त्याला माहीत होतं. तरी रडला. तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे का?"

उमाप उठून काही बोलणार तेवढ्यात बाईंनी त्यांची खुर्ची उचलून ओट्यावर ठेवली. खुर्ची गेल्यावर त्यांनाही मागोमाग जावं लागलं. मी आपसूक बाहेर आलो. बाईंनी दाराला कडी घातली. आतून आवाज आला, "आता रड गं. मोठ्याने रड. मी आहे इथे." आणि मग सरलाचा जो आवाज आला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. उमाप बंद दाराकडे बघत वचनं म्हणत होते. मी शेजारी उभा राहून मान हलवत होतो.

पुढच्या रविवारी साक्षीची वेळ झाली. उमापांनी पुकारलं, "भगिनी सरला." सरला उठली, बाकाला धरून उभी राहिली. तोंड उघडेना. मागच्या बाकावरून एस्तेरबाई उठल्या.

"साक्ष मी देते. हिचं पोर गेलं. फार वाईट झालं. बस खाली, सरला."

एवढीच साक्ष. सरला मटकन बसली आणि सभेत उघड उघड रडली, आणि तिच्या पुढच्या बाकावरची एक म्हातारीही रडायला लागली, जिचा नवरा जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. उमापांनी घाईघाईने गीत सुरू केलं. महिन्याभरात बाईंना महिला मंडळाच्या कमिटीतून काढलं. तो ठराव मी वाचून दाखवला. बाई मागून म्हणाल्या, "सेक्रेटरी, जरा मोठ्याने. इथे ऐकू येत नाही."

त्यांना संत करायचा माझा विचार नाही. स्मरणिकेत तेच तर केलं. बाई कजाग होत्या. मंडळीत गुलाबकाका म्हणून एक निरुपद्रवी म्हातारे होते, स्वतः गीतं रचायचे. स्वर्गातल्या सोन्याच्या रस्त्यांवर त्यांनी एक गीत केलं आणि पेटी वाजवून म्हटलं. उपासना संपल्यावर बाई सर्वांसमोर म्हणाल्या, "काका, सोन्याचे रस्ते करायला देव बसलाय. तुम्ही आधी दुसऱ्या कडव्यातला खड्डा बुजवा." लोक हसले. काकांनी त्यानंतर गीत केलं नाही. ती गोष्ट बाईंनाही कळली होती, पण त्यांनी कधी माफी मागितली नाही. काका गेले तेव्हा त्यांच्या शवपेटीत बाईंनी दुप्पट कापूस भरला. उमाप म्हणाले, "मेलेल्याला काय कळतंय?" बाई म्हणाल्या, "मला कळतंय." यापलीकडे पश्चात्ताप वगैरे काही नाही.

उमापांची बायको गेली, ती गोष्ट मात्र वेगळी आहे.

भली बाई होती बिचारी. उमाप स्वतःच्या बायकोच्या मातीला स्वतः बोलले. आवाज जराही हलला नाही. रविवारी साक्षही दिली. मंडळी दिपून गेली. एस्तेरबाईंनी रीतीप्रमाणे जाऊन त्यांच्या हातात रुमाल ठेवला होता. आठवड्याभराने उमापांनी तो माझ्याकडे दिला. "बाईंना परत करा. मला याची गरज पडली नाही." रुमाल स्वच्छ धुतलेला, इस्त्रीची कडक घडी.

मी तो नेऊन दिला, निरोपही सांगितला. बाईंनी घडी उलगडली, खिडकीपाशी उजेडात धरली, बोटांनी चाचपली.

"न वापरलेला रुमाल कोणी धूत नाही, सेक्रेटरी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर बरेच दिवस त्या उमापांना काही बोलल्या नाहीत. त्यांची वाक्यं ऐकून घ्यायच्या. एकदा तर उमापांना खोकला झाला म्हणून आल्याचा काढा पाठवला. पण दोनच महिन्यांत उमाप दुसऱ्या एका विधवेच्या दारात उभे राहिले आणि तिला म्हणाले, "हुंदका नको." बाईंनी मग हात टेकले. माझंही सांगून टाकतो. ज्या माणसाला काही कळत नाही त्याच्याबद्दल मला राग नाही. या माणसाला कळलं होतं. बंद खोलीत त्याने रुमाल भिजवला होता, आणि बाहेर येऊन दुसऱ्यांना कोरडं राहायला सांगत होता. म्हणून त्याच्याबद्दलचा तिरस्कार मला या वयातही टाकता येत नाही. तिरस्कार करण्याइतका मी स्वतः त्याच्यापासून लांब नाही, हेही ठाऊक आहे.

बाईंची आशा कसली होती, असं कोणी विचारेल. उमाप उघड म्हणायचे, या बाईचा पुनरुत्थानावर विश्वास नाही. मी शेजारी राहत होतो. मला त्यांच्याइतका विश्वास ठेवणारं माणूस दुसरं भेटलेलं नाही.

उरणजवळच्या करंजाहून हिरा नावाची एक कोळीण एसटीने पाटी घेऊन यायची. तिची आणि बाईंची दर खेपेला भांडणं. बाई बांगड्याचे कल्ले उघडून बघायच्या. "हिरे, हा कालचा आहे."

"काल तं तू पन हुतीस, आज हायसच ना? घे गप."

हिराचा भाऊ समुद्रात बुडून गेला तेव्हा बाई करंजाला जाऊन दोन दिवस तिच्याजवळ बसून आल्या होत्या. उमापांनी तेही बोलून दाखवलं होतं, अन्यधर्मीयांच्या शोकात सामील झाल्याबद्दल. बाई त्या दोन दिवसांबद्दल एवढंच म्हणायच्या, "त्या बायकांना रडता येतं. आपण शिकून विसरलो."

हिरा गेली की बाई अंगणात शेगडी पेटवून बांगडे भाजायच्या, नि विमलला आणि मला हाक मारायच्या, "या, खा." एकदा भाजता भाजता म्हणाल्या, "सेक्रेटरी, प्रभू कबरेतून उठल्यावर त्याने काय काय केलं, वाचलंय ना? मित्र रात्रभर जाळी टाकून रिकामे आले, तर हा किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासे भाजत बसलाय. मरणाला जिंकून आला आणि विचारतोय, जेवलात का. उमाप असता तर त्याने तिथे तासभर भाषण केलं असतं. मासे जळून गेले असते."

विमल हसायला लागली. बाई हसल्या नाहीत.

"माझा तेवढ्यावर विश्वास आहे. मला वीणा नको, सोन्याचे रस्ते नकोत. एक दिवस मी डोळे उघडीन तेव्हा कोणीतरी मासे भाजत असेल आणि म्हणेल, या, खा. हे होणार आहे. माझी खात्री आहे. पण मधल्या वेळात माणूस मेलेलं असतं, एवढं तरी कबूल करा की! आशा आहे म्हणून तर रडायचं. ज्याला कोणी परत भेटणारच नाही, त्याने रडून काय करायचं?"

बांगड्याला उलटवून त्या पुढे म्हणाल्या, "आमचे साळवे गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. रडले नाही. नगरच्या सगळ्या मंडळीने कौतुक केलं. ते कौतुक अजून घशात अडकलंय. काट्यासारखं."

नव्वद साल उलटून गेलं होतं. बाईंच्या पायांवर सूज यायला लागली, दम लागायला लागला. यंत्र चालवणं बंद झालं. एका संध्याकाळी त्यांनी भिंतीवर कात्री आपटून मला बोलावलं. कॉटवर बसल्या होत्या. समोर पांढरं कापड, झालर लावून तयार.

"हे माझ्या पेटीचं. गादी विमलकडून भरून घ्या. बघा हं, सुताराने खिळा वर ठेवला तर मी उठून बोलेन."

मी काहीतरी बोललो, बाई, तुम्हाला काही होत नाही, असं.

"खोटं बोलू नका. तुम्हाला नीट जमतही नाही. दोन गोष्टी सांगते. एक, माझ्या मातीला उमापला बोलू द्यायचं नाही. पाळक नसले तर तुम्ही वचन वाचा आणि मोकळं करा. दुसरी, कोणीतरी रडा. तोंड दाबून नाही, आवाज काढून. सगळ्यांनी नको, एक माणूस पुरे. मी मेले आणि कोणाचं काही गेलं नाही, असं नको व्हायला. बोला, कराल?"

"करीन," मी म्हणालो.

त्यांनी उशीखालून एक रुमाल काढून माझ्या अंगावर फेकला. "हा तुमचा. पेटीच्याच कापडाचा आहे. अशुभ वाटलं तर चुलीत घाला."

दाराशी पोचलो तर मागून म्हणाल्या, "सेक्रेटरी, तुमच्याकडून होणार नाही. पण विचारून ठेवलं."

त्यांना मी जिवंत पाहिलं ते शेवटचं. कॉटच्या कडेला बसलेल्या, सुजलेले पाय जमिनीला पुरत नाहीत, तोंडात सवयीने धरलेली एक टाचणी.

त्या गेल्या त्या आठवड्यात पाळक यायचे नव्हते. उमाप हजर. पेटीची गादी विमलने भरली होती. कबरस्तानात मी खिशात वचन लिहिलेला कागद घेऊन उभा होतो. उमापांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते पेटीच्या डोक्याशी जाऊन उभे राहिले आणि बोलू लागले. मी एक पाऊल पुढे टाकायला हवं होतं. उमाप माझं काय करणार होते? काही नाही. ते पंच होते, जमीनदार नव्हते. मला त्यांची भीती नव्हती. मला फक्त सगळ्यांनी चांगलं म्हणायला हवं होतं. एवढ्यासाठी माणूस काय काय विकतो!

तासभर बोलले. बाईंना त्यांनी शांत केलं, नम्र केलं, आज्ञाधारक केलं. सरला बाळंतपणाला माहेरी गेलेली, तिला कळवलंच नव्हतं. कळवायचं काम सेक्रेटरीचं. पेटी खाली सोडताना माझ्या शेजारी विमलला हुंदका फुटला. मोठा होता. उमाप थांबले, त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आणि मी विमलच्या दंडाला धरलं. घट्ट. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती गप्प झाली. मग उमाप समाधानाने म्हणाले, "बघा, एकाच्याही डोळ्यांत पाणी नाही. हीच भगिनींच्या विश्वासाची साक्ष." लोक म्हणाले, "आमेन." मीही म्हणालो.

घरी येताना विमल माझ्यापुढे चार पावलं चालत होती. तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरा आली. बाईंच्या दाराला कुलूप. पाटी ओट्यावर ठेवून तिने मला विचारलं, "बाय कुटं गेली?"

मी म्हणालो, "बाई प्रभूघरी गेल्या."

"कवा येल?"

मी कुलपाकडे बघितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं.

"मेली?"

मी मान हलवली.

"मंग मेली म्हन ना, मेल्या!" ती म्हणाली, आणि बाईंच्या पायरीवर बसून तिने गळा काढला. "अगो बाय माजे! माज्या संगती आता कोन भांडंल गो! ताजं हाय गो बाय आज, बग तरी उगडून!" छाती पिटत होती, कुलपावर हात आपटत होती. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. नाक्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

बाईंनी मागितलं होतं ते हेच. एक माणूस, आवाज काढून. आणि मी काय केलं? मी खाली वाकून तिला म्हणालो, "हळू, हिराबाई. लोक बघतायत."

ती म्हणाली, "बगू दे. मानूस मेलंय, मांजर नाय."

मी खिशातला बाईंनी दिलेला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तिने तो बाजूला सारला आणि पदराने तोंड पुसलं. "ठेव तुला. तुजी बी शेजारीन हुती ना?" पाटीतले बांगडे काढून तिने आमच्या उंबऱ्यात ठेवले. "तिचे हायेत. भाजून खावा." आणि पाटी डोक्यावर घेऊन, अजून रडतच, उरण नाक्याकडे गेली. तिचा आवाज वळणापलीकडून बराच वेळ येत होता.

विमलने बाईंचीच शेगडी अंगणात पेटवली. बांगडे भाजले. आदल्या दिवसापासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. ताटली माझ्यापुढे ठेवून ती पहिल्यांदा बोलली, "या, खा."

मी घास घेतला. पुढचं मला नीट सांगता येत नाही. स्मरणिकेत दुरुस्ती करायची तर एवढीच करा. एकाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं, हे खरं नाही. आमच्या घरी दोन माणसं ताटावर बसून, आवाज काढून रडली. एक दिवस उशिरा, आणि कबरस्तानापासून सुरक्षित अंतरावर, पण रडली.

दुपारी विमलने तो रुमाल धुतला आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातला. बाईंच्या बंद दारासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. संध्याकाळी उमाप रस्त्याने जाताना थांबले. रुमालाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मी खिडकीत होतो. तो काढून आत घ्यावा असं मला एकदा वाटलं. घेतला नाही.